जाळीवरची चटई

लेकीचे हात कोरडे होते. गोष्ट एवढीशीच, पण ती आईच्या मनातून जाता जाईना.

रविवारी लेक जेवायला आली. नेहमीसारखी ताटं मांडली, भांडी इकडची तिकडे केली, आणि आईच्या हातातला डाव काढून घेताना तिची बोटं आईच्या बोटांना लागली. गेली कितीतरी वर्षं त्या बोटांची टोकं पांढुरकी, सुरकुतलेली असायची. नखांच्या कडांना साबणाचा फिका वास असायचा, आणि कितीही पुसली तरी ती ओलसरच वाटायची. रविवारी ती गुळगुळीत होती, उबदार होती, पाहुणीच्या हातांसारखी. दुसऱ्या एखाद्या आईला लेकीच्या मऊ हातांचं कौतुक वाटलं असतं. या आईच्या मनात पाल चुकचुकली.

"काम काय म्हणतंय?" तिने विचारलं.

"काही म्हणत नाही," लेक म्हणाली, आणि ताटाकडे बघत राहिली.

लेकीचा धंदा पाण्याचा. तिची एक जुनी, चौकोनी, फिक्या निळ्या रंगाची व्हॅन आहे. आत एका बाजूला स्वच्छ पाण्याची टाकी, दुसऱ्या बाजूला घाण पाण्याची. मधे जोराने पाणी मारायचं मशीन, सांडलेलं पाणी ओढून घ्यायचं मशीन, ब्रशांचा ढीग, आणि गालिचे वाळवायचे दोन बुटके पंखे. लोक फोन करतात आणि ती दाराशी जाते. कुणाची गाडी धुवायची असते, कुणाचा गालिचा, कुणाच्या दुकानाच्या पायऱ्या, कुणाच्या हॉटेलमागचं तेलकट अंगण. धुऊन झालं की ती जागा अशी दिसते, जणू ती आज पहिल्यांदाच झोपेतून उठली आहे.

लहानपणी ती पाण्यातून बाहेर यायची नाही. मामाने तिचं नाव पाणकोंबडी ठेवलं होतं. "ही पोर एक दिवस पायांना पडदे घेऊन उठणार," तो म्हणायचा, आणि सुट्टीत राहायला आला की सकाळी सकाळी गंभीर चेहऱ्याने तिची पावलं तपासायचा. मोठी झाली, शिकली, चांगल्या मार्कांनी पास झाली, एका कचेरीत लागली आणि वर्ष व्हायच्या आत सोडून आली. तिथे खिडकी होती पण उघडत नव्हती, एवढंच तिचं कारण. आईचा जीव तेव्हाही टांगणीला लागला होता. मामा म्हणाला, तुझा जीव टांगायला खुंटीसुद्धा लागत नाही, ताई, तो हवेतच लटकतो. मग ती गाड्या धुण्याच्या एका केंद्रात राबली, आणि तिथून हळूहळू स्वतःच्या व्हॅनपर्यंत पोचली.

सुरुवातीला तीही सगळ्यांसारखीच धुवायची. फेस रस्त्याच्या कडेने वाहत जायचा, लोखंडी जाळीतून खाली उतरायचा, आणि विषय संपायचा. एका दुपारी काम लवकर आटोपलं. हा फेस जातो तरी कुठे, असं तिच्या मनात आलं, आणि ती त्याच्यासोबत चालायला लागली. पहिल्या जाळीत तो दिसेनासा झाला. दुसऱ्या जाळीपाशी ती वाकली तर खालून खळखळ ऐकू आली. अशी ती जाळीमागून जाळी, कान देत देत गेली. बघणाऱ्यांना वाटलं असेल, बाईचं काहीतरी पडलंय. शेवटी बाग संपते तिथे ओढा लागला, आणि काठावरच्या सिमेंटच्या पाइपातून तिचा फेस बाहेर पडताना दिसला. समोर मुलं कागदाच्या होड्या सोडत होती. एक होडी फेसात शिरली, सावकाश गोल फिरली, मऊ पडली आणि बसली. मुलं टाळ्या पिटत होती. त्यांना वाटलं, पाण्यात ढग उतरलाय.

संध्याकाळी घरी आली तेव्हा तिने चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. "आई, ते माझंच पाणी होतं," ती म्हणाली. "मी ओळखलं."

आईने त्या वेळी हसण्यावारी नेलं. पण लेकीने ते मनावर घेतलं होतं. रस्त्यावरची झाकणं उघडून नाल्या साफ करणारा पालिकेचा एक माणूस तिला ठाऊक होता, त्याला सगळे झाकणवाला म्हणत. तिने त्याला गाठून विचारलं. त्याने सांगितलं, ताई, रस्त्याखाली दोन पाइप आहेत, आणि ते दोन जावांसारखे आहेत. एकाच घरात राहतात, पण एकमेकींचं पाणी पीत नाहीत. एक तुमच्या मोऱ्यांचं, संडासांचं पाणी घेऊन शुद्ध करायच्या केंद्रात जातो. दुसरा फक्त पावसाचा. त्याला मधे गाळणी नाही, काही नाही, तो थेट ओढ्यात. रस्त्यावरच्या या जाळ्या त्या दुसरीच्या. जाळीत ओतलं म्हणजे ओढ्यातच ओतलं.

तेव्हापासून लेकीच्या कामाची रीत बदलली. आधी कोरडा झाडू. तेल सांडलं असेल तर त्यावर लाकडाचा भुसा, तो भरून घ्यायचा. मग व्हॅनमधून जाड, जड रबरी चटई काढायची, ती जवळच्या जाळीवर पसरायची आणि पायाने दाबून बसवायची. तिच्याभोवती वाळूच्या लांबलचक पिशव्या ठेवायच्या, त्यांना लेक अजगर म्हणते. एवढं झाल्यावर मशीन सुरू. धुतलेलं पाणी अजगरांपाशी येऊन साचतं, तिथून ते ओढून टाकीत घ्यायचं, आणि आपल्या आवारातल्या मोरीत, पहिल्या जावेच्या ताब्यात द्यायचं. सगळ्यात शेवटी चटई उचलायची.

लोकांनी काय कमी थट्टा केली? दुसरे धुणारे तिला गटाराला उपाशी मारणारी बाई म्हणतात. एक गिऱ्हाईक म्हणालं, अहो ताई, पाणीच आहे ते, विष थोडंच आहे. त्यावर लेक म्हणाली, मग तुमच्या पिंपात भरून ठेवू का? ते गिऱ्हाईक अजून येतं.

व्हॅनवर दोन नंबर रंगवलेले आहेत. एक लेकीचा, दुसरा घरचा, कारण लेकीचे हात पाण्यात असले की फोन आई घेते. कोण कुठल्या गल्लीतून बोलतंय, कुणाला घाई आहे, कोण नुसतंच गप्पा मारायला फोन करतंय, हे आईला आवाजावरून कळतं. पत्ता लिहून घेतला की ती खिडकीशी बसते आणि दुपारच्या गुंगीत तिला सगळं शहर खालून दिसायला लागतं. रस्त्यांखाली काळोखातून वळत जाणारं पाणी, वर जाळीजाळीतून पडलेले उजेडाचे चौकोन, त्या चौकोनांवरून सरकणाऱ्या पावलांच्या सावल्या. कुठेतरी वर तिची लेक चटईवर पाय रोवून उभी आहे, आणि खालचं पाणी, काही न कळता, स्वच्छ वाहतं आहे. हे चित्र बघता बघता आईला डुलकी लागायची. काळजीत जन्म गेलेल्या बाईला याहून गाढ झोप कुठली?

रविवारी जेवणं झाली आणि दोघी वाळलेल्या चादरींच्या घड्या करायला समोरासमोर उभ्या राहिल्या. चादरीचे कोपरे धरून बोलणं सोपं जातं, मधे एवढं मोठं पांढरं काहीतरी असतं. तिसऱ्या की चौथ्या चादरीला लेकीने सांगायला सुरुवात केली.

आदल्या आठवड्यात एका संध्याकाळी ती बेकरीच्या मागच्या गल्लीत होती. भट्टीचे ट्रे आणि मागचं अंगण धुऊन झालं होतं, पाणी ओढून झालं होतं, अजगर व्हॅनमध्ये गेले होते. चटईच्या कडेला अजून ओल होती म्हणून ती मशीनच्या नळ्या गुंडाळायला वळली. तेवढ्यात पिठाची पोती घेऊन एक ट्रक गल्लीत शिरला आणि मागचं चाक बरोबर जाळीवर आणून थांबला. ड्रायव्हर उतरून निघून गेला. बेकरीवाले आतलं आवरून पुढच्या दाराने घरी गेलेले. लेकीने वाट बघितली, हाका मारल्या, चाकाखालून चटईचा कोपरा ओढून बघितला. आभाळ निरभ्र होतं, चांदण्या इतक्या होत्या की धुतलेल्या फरशीत दिसत होत्या. सकाळी येऊन उचलू, असं म्हणून ती निघाली.

रात्री पाऊस आला. कुणाच्या ध्यानीमनी नसलेला, आडदांड पाऊस. ट्रक केव्हातरी निघून गेला होता, चटई मात्र इमानाने जाळीवर बसून राहिली. तिला तेच तर शिकवलं होतं.

उजाडता उजाडता बेकरीवाल्याचा फोन आला की गल्ली तुंबली आहे, तुमचं पाणी ओढायचं मशीन घेऊन या. लेक म्हणाली, आई, तो हॅलो म्हणाला तेव्हाच मला कळलं होतं. ती गेली तेव्हा गल्लीत गुडघाभर पाणी होतं. गल्लीचा उतार जिथे संपतो तिथे रस्त्यापेक्षा खालच्या खोलीत बाइंडरकाकांचं दुकान आहे. लोकांच्या पुस्तकांना, प्रबंधांना ते पुठ्ठे बांधतात. पाणी पायऱ्या उतरून त्यांच्याकडे गेलं होतं. लोक ओट्यांवर उभे होते. लेक पाण्यात शिरली, सरळ त्या जागी गेली, खांद्यापर्यंत हात घातला, चटईचा कोपरा धरला आणि ओढला. पाणी भोवऱ्यासारखं फिरलं, घटाघट आवाज झाला, आणि गल्ली खाली उतरायला लागली. ओट्यांवरून टाळ्या पडल्या. बेकरीवाला म्हणाला, केवढा कचरा अडकला होता बघा. लेकीने चटई रेनकोटाखाली पोटाशी धरली होती.

मग तिने काकांच्या खोलीतलं पाणी काढलं. पंखे आणून लावले. खोलीभर दोऱ्या बांधल्या आणि भिजलेली पानं चिमट्यांनी टांगली. खोली पांढरी होऊन गेली. पंख्यांच्या वाऱ्यावर शेकडो पानं हलत होती आणि काका त्यांच्याखालून, मान वर करून, पानांचे आकडे पुटपुटत फिरत होते, झाडाखालून पाखरं मोजत जावं तसे. संध्याकाळी त्यांनी स्वतःच्या कपात तिला चहा दिला आणि म्हणाले, तू नसतीस तर माझं काय झालं असतं.

"मी नसते तर पाणी आलंच नसतं, आई," लेक म्हणाली. चादर तिच्या हातात तशीच राहिली.

आयांनी जे म्हणायचं असतं ते सगळं आईने म्हटलं. ट्रकवाल्याची चूक, पावसाची चूक, आभाळावर कुणाची सत्ता आहे का. लेकीने ऐकून घेतलं. मग म्हणाली की यापुढे ती चटई टाकणारच नाही. बाकीचे कुठे टाकतात? त्यांच्यामुळे कुणाच्या घरात पाणी शिरलेलं नाही.

"आणि ओढ्याचं काय?" आईने विचारलं.

"ओढ्याने फोन केलाय का तुला?"

असं लेक कधी बोलत नाही. तिलाही ते लागलं असावं, कारण जाताना दारात थांबून तिने आईच्या खांद्यावर डोकं टेकलं. यातलं कुणाला सांगू नकोस, एवढंच म्हणाली, आणि गेली.

चटई टाकायची नाही असं ती म्हणाली खरं, पण चटईवाचून ती कामालाही गेली नाही. आई बसने तिच्या खोलीवर गेली तर आवारात व्हॅन ताडपत्री पांघरून उभी होती, तापाने निजलेल्या माणसासारखी. ताडपत्रीवर वाळकी पानं साचली होती. आत डोकावलं तर टाकीमागे चटई उभी गुंडाळून ठेवलेली, भिंतीकडे तोंड करून. लेक खोलीत पुस्तक उघडून बसली होती. आईने बराच वेळ बघितलं, एक पान उलटलं गेलं नाही. चहा झाला, मामाच्या गुडघ्यांची चौकशी झाली, आणि आई आली तशी परतली.

घरी आल्यावर फोन वाजत राहिले. आई सांगत राहिली की ताईंना बरं नाही, पुढच्या आठवड्यात बघू. दुपारी खिडकीशी बसली तर जुनं चित्र येईना. डोळे मिटले की तिला वेगळंच दिसायचं, खालून वर येणारं पाणी. सावकाश, आवाज न करता, फरशीच्या फटींतून ते येत होतं, खुर्चीच्या पायांना लागत होतं, आणि त्यावर पांढरी पानं तरंगत होती. कुठल्याच पानावर काही लिहिलेलं नव्हतं. मग ती उठायची आणि उगीचच स्वयंपाकघराचा नळ नीट बंद आहे का ते बघून यायची.

आज दुपारी फोन वाजला, आणि आवाज ओळखीचा नव्हता. हळू, खरखरीत, प्रत्येक शब्द नीट कापून बोलणारा. बाइंडरकाका होते. व्हॅनवरचा दुसरा नंबर त्यांनी लक्षात ठेवला होता.

आधी ते लेकीबद्दल बोलले. अशी मुलगी लाखात एक. सगळी पानं वाळली, थोडी कुरळी झाली आहेत, पण दाबाखाली ठेवली की सरळ होतील. आई हूं हूं करत होती. तिला वाटलं, एवढ्यावरच थांबावेत. पण काका मूळ मुद्द्यावर आले. गल्लीतल्या सगळ्यांनी मिळून पालिकेकडे तक्रार करायची ठरवली होती. तो झाकणवाला. कामचुकार माणूस. पावसाच्या आधी जाळी साफ केली असती तर ही वेळ आली असती का? त्याला या भागातून काढून टाका, असं स्पष्ट लिहिलं आहे. उद्या सकाळी अर्ज द्यायचा.

"तेवढी तुमच्या मुलीची सही हवी होती," काका म्हणाले. "कचरा तिने स्वतःच्या हाताने काढलाय ना. तिच्याइतका पक्का साक्षीदार दुसरा कोण?"

आईच्या हातातला फोन एकदम जड झाला. वाक्य ओठांवर आलं होतं: कचरा नव्हता, काका. तीन शब्द. तोंड उघडलं की बाहेर पडले असते, आणि त्या माणसावरचं बालंट तिथल्या तिथे उतरलं असतं. पलीकडे काका थांबले होते. मागे पंख्याचा आवाज ऐकू येत होता. लेकीचाच पंखा असणार, अजून तिथेच होता.

"तिला निरोप देते," आई म्हणाली.

फोन ठेवून ती उभीच राहिली. बाहेर ऊन होतं. समोरच्या रस्त्यावर कुणीतरी बादलीभर पाणी ओतलं होतं आणि ते एका बारीक, चमकत्या रेघेने कडेकडेने जाळीकडे चाललं होतं. आई त्या रेघेकडे बघत राहिली. मघाशी काकांना सांगून टाकलं असतं तर काय झालं असतं? काका चडफडले असते, मग निवळले असते. म्हातारा माणूस, मनाने चांगला वाटतो. झाकणवाल्याचं काम वाचलं असतं. आणि लेक? तिने एका पावसात दोन गोष्टी गमावल्या असत्या, स्वतःचं काम आणि स्वतःच्या तोंडाने बोलायची संधी. शाळेत लेकीच्या हातून नळ मोडला तेव्हा बाईंना सांगायला आईच गेली होती. कचेरी सोडली तेव्हा साहेबांना फोन करायलाही आईच निघाली होती, मामाने हाताला धरून बसवलं म्हणून राहिली. लेकीवर पडणारा प्रत्येक थेंब आपण झेलायचा, हीच आजवरची तिची रीत.

निरोप तर द्यायलाच हवा होता. पण कसा? काका सही मागतायत, एवढंच सांगून गप्प बसलं तर लेक काय करील? सही ती करणार नाही, तेवढं आपलं रक्त आईला ठाऊक आहे. पण बरं नाही म्हणेल, वेळ नाही म्हणेल, दार लावून बसेल, आणि अर्ज तिच्या सहीवाचूनही जाईल. दोन पाइपांची गोष्ट ज्याने तिला सांगितली तो माणूस कुठल्यातरी लांबच्या वॉर्डात जाईल, आणि ती चटई जन्मभर भिंतीकडे तोंड करून उभी राहील. मग लेकीला कुठली जाळी झाकवेल? ओढ्यासाठी नाही, पावसासाठी नाही, त्या काकांना एकदा खरं सांगितल्याशिवाय तिचा हात त्या रबराला लागणार नव्हता. इतके दिवस आई पाणी कुठे मुरतंय ते शोधत होती. ते इथे मुरत होतं.

मग तिने मनाशी वाक्यं जुळवली. गोड वाक्यं एकेक करून गाळली. होतं असं कधीकधी, हे गाळलं. मी येते तुझ्याबरोबर, हे गाळताना फार जड गेलं. उरलं ते थोडंच होतं. उद्या सकाळी अर्ज जाणार आहे, तो झाकणवाल्यावर आहे. तू आज जा. चटई बरोबर घेऊन जा आणि काकांच्या समोर ठेव. मी कुणाला काही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. तूच सांगायचं आहेस.

लेक चिडेल. तुला काय जातंय घरात बसून बोलायला, असंही म्हणेल, आणि ते काही खोटं नसेल. कदाचित फोन आपटेल. आपटला तर पुन्हा लावायचा, असं आईने ठरवलं. घसा खाकरून साफ केला, खुर्ची फोनजवळ ओढली, आणि लेकीचा नंबर लावायला घेतला.